फट तेवढी राहू द्या

तीर्थरूप बाबांना दुरूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. खोकला जवळजवळ गेलाय, आईला सांगू नका.

कवळ्या बनवण्यात आता माझा हात बसलाय. तरी परवा घोळ घातलाच. एका आजोबांनी पुढच्या दातांतली फट कवळीतही ठेवा, असं लिहून दिलं होतं. मला वाटलं, चुकून लिहिलं असेल. इथे तर जो तो दात सरळ करायला तारा लावून घेतो. मी फट बुजवून एकसारखे दात बसवले. आजोबांनी आरशात पाहिलं आणि कवळी काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "छान आहेत, पण माझे नाहीत. घरी बायको विचारेल, हा कोण हसतोय?"

दुसरी करून दिली.

तुमचे पुढचे दात काढायचं ठरलंय, असं आईने लिहिलंय. फार दुखतं का? जेवता काय? बाबा, कवळीचं माप द्याल तेव्हा फट ठेवायला सांगा.

आमचे डॉक्टर मला फुकटात तारा लावून देतो म्हणाले. लहानपणी याच फटीपायी मी किती रडले होते. पण नको म्हटलं. इतक्या लांब तुमचं एवढंच माझ्याजवळ आहे, रोज सकाळी दात घासताना दिसतं.

तुमची,
धाकटी