लिआंगरावांनी दिलेला मंत्र

१२ जून, प्रातःकाळ. बॉथेल, अमेरिका.
आज गुरुलाभ झाला. शेजारचे लिआंगराव पार्कात मोठा ब्रश पाण्यात बुडवून सिमेंटच्या वाटेवर चिनी अक्षरे लिहितात. ऊन आले की अक्षरे उडून जातात. साक्षात मायावाद! एक दुर्मीळ अक्षर ते रोज लिहितात: एकच चिन्ह तीनदा, वर एक, खाली दोन. खुणेने उच्चार विचारला. छातीवर हात ठेवून म्हणाले, 'याओ'. आम्हांस परस्परांची भाषा येत नाही. त्यामुळे गैरसमजास वाव नाही.

१३ जून.
अर्थ लागला. भूः, भुवः, स्वः. मला दीक्षा मिळाली आहे. चिरंजीव निमिष म्हणाला, बाबा, फोनने स्कॅन करा ना, दोन सेकंदांत कळेल. मंत्र स्कॅन करीत नाहीत. उद्यापासून रोज एक माळ.

२१ जून.
स्वर चढता आहे. स्वर चुकल्याने वृत्रासुराचा घात झाला, म्हणून पार्कातील बाकावर बसून खणखणीत जप करतो. लिआंगराव आधी हसत; हल्ली ब्रश गुंडाळून लगबगीने निघून जातात. शिष्याचे तेज गुरूसही सोसत नाही.

२८ जून.
इथल्या मराठी मंडळात माझे व्याख्यान ठरले: 'चिनी अक्षरातील त्रैलोक्य'. सौ. विचारते, दीक्षा दिली हे लिआंगरावांना माहीत आहे का? अशा प्रश्नांना उत्तर देऊ नये.

५ जुलै.
लिआंगरावांसोबत आज एक वृद्ध बाई होत्या. मी जपाचा आवाज चढवला. त्यांनी वळून पाहिले. पुन्हा म्हटले, पुन्हा वळल्या. मंत्रसिद्धी!

५ जुलै, सायंकाळ.
विश्वासघात. लिआंगरावांची कन्या घरी आली. याओ हे तिच्या आईचे नाव. चिन्ह मातीचे, तीन मिळून उंच डोंगर. आई चीनमध्ये अडकलेली, म्हणून वडील रोज तिचे नाव लिहीत. आता ती आली आहे, आणि वडील विचारतात, हे गृहस्थ बाकावरून माझ्या बायकोला हाका का मारतात? निमिष हसत सोफ्यावरून घसरला. स्वतःचा मुलगा! व्याख्यान कॅन्सल.

६ जुलै.
सौ. म्हणाली, परक्या बाईचं नाव माळ घेऊन जपलंत, स्वरासकट. आणि मी जन्मभर 'अगं ए'. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला, तर भटजींना शास्त्र शिकवत बसलात.
मी शांतपणे दाखवून दिले की, श्रेयाची इच्छा असणाऱ्याने कलत्राचे नाव घेऊ नये, असे वचन आहे.
म्हणाली, दुसऱ्याच्या कलत्राचं चालतं वाटतं?
हिनेही उलटावे!

७ जुलै.
आपद्धर्म म्हणून कलत्राचे नाव घेण्याचा निश्चय केला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि स्पष्ट, शुद्ध स्वरात म्हणालो, "पद्मिनी."
वळली नाही. पुन्हा म्हणालो.
भेंडी चिरता चिरता म्हणाली, फोनवर बोलायचं तर बाहेर जा हो, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही.