घोडा डावीकडून येतो

४ जून, सकाळ
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. कारखान्यात पंचवीस वर्षं झाली म्हणून काल माझा सत्कार झाला आणि पोर्टेबल सीडी प्लेअर मिळाला. चंदेरी, बशीपेक्षा थोडा मोठा. सोबत हेडफोन आणि एक सीडी. साहेब भाषणात म्हणाले, आठही ब्लोअर या माणसाच्या कानावर चालतात, म्हणून बक्षीसही कानाचंच. टाळ्या बेताच्याच ऐकू आल्या. लोकांत पूर्वीचा उत्साह राहिला नाही.

आमच्याकडे पुठ्ठा वाळवतात. ब्लोअर म्हणजे माणसाच्या उंचीचे पंखे, गरम हवा फेकणारे. मी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ डाव्या कानाला लावतो आणि आत काय दुखतंय ते सांगतो. म्हणून सगळे मला डॉक्टर म्हणतात. मग रजिस्टरमध्ये लिहायचं, 'आवाज ठीक', आणि खाली सही. माझी सही असली की ब्लोअर चालू. ऐकल्याशिवाय एकही सही केलेली नाही. पंचवीस वर्षांत कानात बोळेही घातले नाहीत. कंपनी फुकट देते, बाकीचे घालतात. डॉक्टरनेच कान बुजवले तर झालंच.

संकल्प: रोज एक तास शास्त्रशुद्ध श्रवण.

५ जून, सायं. ६
सीडीवर बासरी आहे आणि शेवटी चाचणीचा एक ट्रॅक. माहितीपुस्तकात लिहिलंय: घोडा डावीकडून येतो आणि उजवीकडे निघून जातो. लावला. बराच वेळ काहीच नाही. मग घोडा एकदम डोक्याच्या मधोमध उगवला आणि उजवीकडे गेला. चार वेळा लावला. चारही वेळा तेच. डावा हेडफोन मेलेला आहे.

बक्षिसाच्या वस्तू अशाच घेतात. ठीक आहे. उजव्या बाजूनेही बासरी छान वाजते.

९ जून
प्लेअर पट्ट्याने खांद्याला अडकवून कारखान्यापर्यंत चालत गेलो. जोरात चाललं की सीडी अडखळते. म्हणून काठोकाठ भरलेला पेला नेल्यासारखा चाललो. वाटेत एक सायकलवाला डाव्या बाजूने अंगावर आला, वर मलाच बोलला. म्हणे केव्हापासून घंटी वाजवतोय. हल्ली घंट्याही भिकार करतात.

१२ जून
कुकर करपला. ही आंघोळीला गेली होती, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा म्हणून सांगून. मी एक मोजली. ही म्हणते सात झाल्या. हेडफोनही घातलेला नव्हता, उजव्या कुशीवर लोळत पेपर वाचत होतो. शिट्टी जुनी झालीय, बदलायला हवी. हिला सांगितलं. ती काहीतरी पुटपुटली. पुटपुटायची सवय तिला नवीनच लागली आहे.

१५ जून
यादी केली. आवाज कमी झालेल्या वस्तू: दाराची बेल, कुकर, टेलिफोन, घड्याळाचा गजर, डावा हेडफोन, ही. सध्या कशातच क्वालिटी राहिली नाही.

१८ जून
रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि मान डोलवत बसला. म्हणाला, दोन्ही बाजू ठणठणीत आहेत, एकदा उलटा घालून बघा. मी त्याला हेडफोनवर छापलेली एल आणि आर ही अक्षरं दाखवली. डावा तो डाव्या कानाला. उलटा घालायचा असता तर छापलं कशाला असतं? याच्याकडे पुन्हा जायचं नाही.

२१ जून, दु. १
साडू मागे लागला. (हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मीच त्याला इथे चिकटवला, तीन नंबरच्या ब्लोअरवर. आठ तास त्याच्या शेजारी स्टुलावर बसून पुठ्ठे आत सोडतो. स्वभावाने भित्रा आहे.) म्हणतो, तीन नंबर आतून करकरतोय, जात्यात खडे टाकल्यासारखा. हॉलमध्ये आठ ब्लोअर एकदम घोंघावत असतात, त्यात याला खडे ऐकू आले.

तरी गेलो. स्क्रूड्रायव्हर लावला, मूठ कानाला. काय सांगू. इतकी शांत बेअरिंग मी आजवर ऐकलेली नाही. जणू ब्लोअर बंदच आहे. सही केली. साडूचं तोंड उतरलं. त्याला बहुतेक माझ्या प्लेअरचं वाईट वाटतंय.

२४ जून
युक्ती सुचली. डावा हेडफोन नाहीतरी मेलेलाच. मग तो कानामागे सरकवायचा. उजव्या कानाला बासरी, डाव्या कानाला स्क्रूड्रायव्हर. काम चालू, श्रवणही चालू. आज असाच राउंड मारला. आठही ब्लोअर शांत. एरवी एक-दोन तरी कुरकुरतात. माझ्या ग्रीसिंगचा हा परिणाम. इतक्या वर्षांच्या मेहनतीचं फळ आता कुठे दिसायला लागलंय.

सगळे जण माझ्याकडे बघत होते. कौतुक लपत नाही.

२७ जून
तीन नंबरच्या मागे उबेला एक मांजर झोपायचं. पाच वर्षं जागा सोडली नव्हती. आज गेटवर वॉचमनच्या खुर्चीखाली दिसलं. साडूने मुद्दाम मला नेऊन दाखवलं. मी म्हटलं, उकाडा आहे. तो म्हणाला, मांजराला कळतं. आता रजिस्टरवर मांजराची सही घ्यायची का, असं विचारलं. हसला नाही.

साडू हल्ली जेवणाच्या सुट्टीत हटकून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसतो. तिकडे पंख्याचा वारा जास्त येतो. आपल्या सोयीचं त्याला बरोबर कळतं.

१ जुलै, दु. ३.३०
आज कहर झाला. साडूने न विचारता तीन नंबर बंद केला. पुठ्ठा ओला राहिला, सगळी लाइन थांबली. साहेबांनी मला बोलावलं. मी ब्लोअर चालू करायला लावला, सगळ्यांसमोर स्क्रूड्रायव्हर लावला, डोळे मिटून पूर्ण एक मिनिट ऐकलं. शांत. थोडं मुठीला हुळहुळलं, तेवढंच. सही केली. साडूला मेमो मिळाला. साहेब म्हणाले, डॉक्टरची सही असताना पुन्हा बंद केलास तर घरी बसायचं.

मला वाईट वाटलं. पण नातं वेगळं, बेअरिंग वेगळी.

३ जुलै
मेव्हणी आली होती. डोळे लाल. हिच्याशी आत बोलत बसली. मग दोघी बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या. मेव्हणी म्हणाली, हे घरी येऊन जेवत नाहीत, स्टुलाखाली जमीन थरथरते म्हणतात, एकदा नीट बघा ना. नीट बघतो, नीट ऐकतो, दोन्ही करतो, असं मी शांतपणे सांगितलं. मग ही काहीतरी म्हणाली. काय, ते विचारलं. तिने पुन्हा सांगितलं नाही.

जाताना मेव्हणीने दारातून काहीतरी सांगितलं म्हणे. बहुतेक येते म्हणाली असेल.

६ जुलै
तीन नंबरखाली एक बोल्ट सापडला. कुठला कोण जाणे. खिशात ठेवला. बेअरिंगच्या झाकणावर हात ठेवला तर चटका बसला. हवाच गरम फेकतो, झाकण गार कसं राहील? साडूच्या चहाच्या पेल्यात बारीक गोल लाटा उठत होत्या. तो चहाकडे बघत होता, पीत नव्हता. आवाज ऐकला. शांत. सही केली.

साहेबांना सुचवलं, यंदा बेअरिंग बदलायचा कार्यक्रमच रद्द करू, आठही ब्लोअर नव्यासारखे आहेत. साहेब खूश.

९ जुलै, सकाळी ७.२०
आज माझी सुट्टी. शांतपणे प्लेअरच्या कंपनीला तक्रार लिहायला बसलो. डब्यात छापील फॉर्म होता. नाव, पत्ता, दोष कोणत्या बाजूला. डाव्या. खाली एक प्रश्न: हेडफोनची अदलाबदल करून पाहिली का? हो किंवा नाही. त्याखाली सही.

नाही लिहिलं तर ते फॉर्म परत पाठवणार. हो लिहिलं तर खोटी सही. ती मी करत नाही. म्हणून केवळ फॉर्मसाठी हेडफोन उलटा घातला. घोडा लावला.

घोडा या वेळी लगेच आला. उजव्या कानात, टापांसकट, स्वच्छ. मेलेला हेडफोन चालत होता. मग घोडा मधोमध आला आणि तिथून पुढे गेलाच नाही. डावीकडे काही नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. हेडफोन काढला, घड्याळ डाव्या कानाला लावलं. उजव्या कानाला लावलं. परत डाव्या कानाला.

स्क्रूड्रायव्हर मी कोणत्या कानाला लावतो?

सातला साडूची शिफ्ट सुरू झाली आहे.

९ जुलै, सकाळी ७.३०
गेटवर फोन लावला. सवयीने डाव्या कानाला धरला, बोलतच राहिलो. कान बदलला तेव्हा वॉचमन कोण बोलतंय म्हणून ओरडत होता. त्याच्यामागे हॉल. आणि हॉलमध्ये खडे. जात्यात टाकल्यासारखे. गेटवरून, फोनमधून ऐकू येत होते. मी म्हटलं, तीन नंबर बंद करायला सांग. तो म्हणाला, कालच तर डॉक्टरनी सही केलीय, आता कुणाच्या सांगण्यावरून बंद करायचा? मी म्हटलं, डॉक्टरच बोलतोय. तो म्हणाला, डॉक्टर असं बोलणार नाहीत. ठेवून दिला.

निघालो.

९ जुलै, दु. ४
धावत गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गेटपाशी पोचलो तर तीन नंबर बंद. साडू बाहेर पायरीवर बसला होता, मांजर मांडीवर. नोकरी जाणार हे माहीत असून मी पोचायच्या पाच मिनिटं आधी त्याने स्वतःच बंद केला होता. रजिस्टरमध्ये माझ्या सहीखाली लिहिलं होतं, 'आवाज आहे. बंद केला.'

फिटरने साहेबांसमोर झाकण उघडलं. बेअरिंगचे तुकडे त्याच्या ओंजळीत पडले. म्हणाला, दुपारपर्यंत पंखा पत्रा फाडून बाहेर आला असता. स्टुलाकडे बोट दाखवलं. स्टूल तिथेच होतं, चहाचा पेला वर तसाच.

कुणीच बोललं नाही. किंवा डावीकडून बोलले असतील.

मी खिशातला बोल्ट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. रजिस्टर घेतलं आणि लिहिलं, '५ जूनपासूनच्या माझ्या सगळ्या सह्या रद्द समजाव्यात. डावा कान बंद आहे.' आणि सही. लिहिण्याआधी घड्याळ लावून खात्री करून घेतली. साडूचा मेमो साहेबांनी फाडला.

परत येताना साडूला विचारलं, तुला कधी कळलं. तो माझ्या उजव्या बाजूला आला आणि म्हणाला, दादा, महिना झाला. सांगत होतो. तुम्हाला वाटायचं मी ब्लोअरबद्दल बोलतोय. मला रडू आलं. त्याने पट्टा धरून प्लेअर माझ्या खांद्यावर नीट केला. घाईत तोही घेऊन आलो होतो.

११ जुलै, सकाळी ९
कानाच्या डॉक्टरने दोन्ही कान तपासले. डावा परत येणार नाही. उजवा सांभाळा म्हणाला. मला आता पुठ्ठे मोजण्याच्या खोलीत बसवलंय. स्क्रूड्रायव्हर फिटरकडे दिला. तोही डाव्या कानाला लावतो. त्याला सांगितलं, बदलून लाव.

स्टोअरमधून मला बोळे मिळाले. पाकिटात दोन होते. सही करून एक घेतला, एक परत केला.