डाव्या टीव्हीतला धूर

१२ जानेवारी, सोमवार

जमलं! दोन्ही टीव्ही शेजारी-शेजारी मांडले. डावीकडे सॅटर्न, उजवीकडे प्लेस्टेशन. रेसिंगचा गेम एकच, ट्रॅक एकच. दोन्ही गेमचे डबे माह्याहून म्हातारे! कोणाचं चित्र सरस, कोण अडखळते, ते चॅनलवर सांगायचं आहे. लोकं आतापासूनच भांडून राह्यले.

निकाल मात्र सोनूदादाचा. माहा भाऊ म्हणजे शंकरपटातला, बैलांच्या शर्यतीतला, धुरकरी! बैलजोडी हाकलताना मान समोर, अन् दोन्ही बैल डोयाच्या कोपऱ्यातून पाह्यचे. मान वळली की जोडी फाकली — बाबाचा कायदा. टीव्हीसमोर बी तसाच ताठ बसला. म्हणे, "प्लेस्टेशनवर वळणाले रस्त्याचे पट्टे वाकडे होतात. पण चित्र साफ. सॅटर्नवर नुसता धूर हाये."

मले धूर नाही दिसला. पण दादाच्या नजरेवर आमच्या फुलसावंगीत कोणी शंका घेत नाही. तेच व्हिडिओत टाकून देलं.

१४ जानेवारी

संक्रांतीच्या दिवशी कॉमेंटमध्ये धुलाई! "सॅटर्नवर टायरचा धूर जाळीसारखा दिसते, तेवढाच. ताई, चष्मा लावा." एकानं तर चॅनल बंद करायले सांगितलं. मी सॅटर्नचा डबा उघडला, लेन्स पुसली, वायर बदलली. दादा म्हणे, "हायेच धूर."

१७ जानेवारी

डब्यांची अदलाबदल केली. दादाले सांगितलं नाही, वरून आईचं लुगडं झाकलं. आता डावीकडे प्लेस्टेशन. दादा समोर पाहत म्हणाला, "सॅटर्नचा धूर तसाच. अन् आज प्लेस्टेशनचे पट्टे सरळ कसे वं?"

बापा! सरळ पट्टे तर उजवीकडे गेलेल्या सॅटर्नचे होते. तेवढं त्यानं बरोबर पाह्यलं. मग टीव्ही बी बदलून पाह्यले. तरी धूर डावीकडेच.

डबा नाही. टीव्ही नाही. मग राह्यला दादाचाच डोया.

१८ जानेवारी

आता सारं आठवून राह्यलं. परवा डाव्या हाताशी ठेवलेला चहा त्यानं लवंडवला. आई "आंधळा झाला का रे!" म्हणाली, अन् मी खो-खो हासली.

पुढच्या रविवारी पट आहे. डाव्या अंगाले राजा जुंपतात — नवा गोऱ्हा, गर्दीले बिचकते. तो बाहेर फाकला अन् दादाले दिसलाच नाही तर? दोन्हीकडून लोकं रेटून उभे राहतात, लेकरं सगळ्यात पुढं. छकडा सरळ त्यांच्यात जाईन!

बाबाले सांगितलं त दादाचा पट संपला. अन् पट म्हणजे त्याचा जीव. नाही सांगितलं त — नाही, मले लिहवत नाही.

२१ जानेवारी

दादा आज बी टीव्हीपाशी आला. रोजच येते. "लाव ना वं निशे, पाह्यू आज." गेमचा एवढा नाद त्याले कधीपासून?

२४ जानेवारी, शनिवार

सांगून टाकलं. तो गोठ्यात राजाची शिंगं रंगवून राह्यलता. म्हटलं, "दादा, धूर टीव्हीत नाही. तुह्या डाव्या डोयात आहे."

वाटलं, अंगावर धावन. पण त्यानं अर्धं शिंग तसंच राहू देलं अन् बाहेर निघून गेला. जेवायले बी नाही आला. मी चूक केली का? उद्या हट्टानं छकड्यावर चढला त कोण अडवन त्याले!

२५ जानेवारी, रविवार

छकड्यावर बाबा चढले. कासरा दादानंच त्यांच्या हातात देला. परवा डोयाच्या डॉक्टरकडे यवतमाळले जायचं आहे, मी संग जाणार.

जोडी सुटली तेव्हा तो माह्या बाजूले उभा होता. हळूच म्हणाला, "मले दिवाळीपासून माहीत होतं, निशे. रोज येत होतो ते त्यासाठीच. वाटे, एखांद्या दिवशी तू मशीनचाच दोष काढून दाखवशीन."