रायफलीचा ‘उत्तम’ शेरा रद्द होऊन ‘वाईट’ मिळणेबाबत

प्रति,
मा. अधीक्षक, वस्तू-परतावा विभाग,
प्रेअरी वस्तुसंग्रहालय, मोंटाना

विषय : पणजोबांच्या लिव्हर रायफलीच्या स्थिती-तपासणीचा शेरा बदलणेबाबत.
संदर्भ : रायफल परत मिळण्याची आमची मागणी फेटाळणारे आपले पत्र.

महोदया,

१. मी इथल्या मूळ रहिवाशांपैकी शायेन जमातीचा, राहणार टंग नदीकाठ. पणजोबांची रायफल आपल्या कपाटात आहे. ते घोड्यावरून पडले तेव्हा तिचा लाकडी दस्ता चिरला. पणजीने त्यावर ओले कातडे आवळून शिवले; वाळल्यावर ते लोखंडासारखे बसले. आमच्यात मोडलेले सांधतात, टाकत नाहीत. मागणी करताना ओळखीची खूण म्हणून आम्ही ती चीर, ते कातडे आणि त्यावरचे पितळी खिळेच लिहून दिले होते.

२. आपले तपासनीस श्री. हॅल्वर्सन यांनी तपासणीपूर्वी रायफल ‘स्वच्छ’ केली. कातडे कापले, खिळे उपटले, चीर बुजवली, नळी चकचकीत केली. मग तपासली. शेरा : स्थिती उत्तम, चीर आढळत नाही, सबब अर्जदाराने वर्णन केलेली रायफल ही नव्हे. कातड्याची चौकशी करता, ते केरात गेल्याचे त्यांनी फार सौजन्याने सांगितले.

३. तेव्हा साक्षीसाठी मी जोसेट मावशीला आणले. आमच्यात मावशीला आईच म्हणतात. तिला दिसत नव्हते, पण लहानपणी ही रायफल तिने खांद्यावर वाहिलेली. आपल्या नियमाप्रमाणे हातमोजे घालून तिने दस्ता चाचपला, गालाला लावला आणि म्हणाली, “ही आपली नव्हे रे, लायमन. आपली हाताला टोचायची.” म्हाताऱ्या आईला खोटे बोल म्हणून मी कसे सांगणार? आपल्या कारकुनाने तेवढेच लिहून घेतले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४. थंडी सरायच्या आत ती गेली. आपली रायफल कुणीतरी पळवली, असेच ती शेवटपर्यंत समजत होती. गेलेल्या माणसाच्या नावाने आम्ही वर्षाने वस्तू वाटतो. ही रायफल नातीला द्यायची, हे तिने पूर्वीच सांगून ठेवले होते. आता त्या दिवशी नातीच्या हातात काय ठेवावे, मला सुचत नाही.

५. तरी ‘उत्तम’ हा शेरा खोडून ‘वाईट’ असा करावा. आमच्याकडे होती तेव्हा ती वाईटच होती. हे नियमात बसत नसेल आणि ही आमची नसेलच, तर आमची कुठे आहे, तेवढे लेखी कळवावे.

उत्तराची आशा सोडलेला, तरी आपला नम्र,
लायमन टॉल ग्रास
दि. ९ मे

सोबत :
१. पणजोबांचा रायफलीसह फोटो (कातडे दिसते).
२. मावशीचा जबाब, आपल्याच कार्यालयाचा.
३. पणजीने शिवताना उरलेला कातड्याचा तुकडा. कृपया स्वच्छ करू नये.