सहावी मर्सी

६ सप्टेंबर २०२५, शनिवार
इथे आखातात रुवैसची नऊ वर्षं खलास. आजपासून मोहम्मद बिन झायद सिटी. पहिला मजला, तीन खोल्या, दक्षिणेला गॅलरी. सामान मी स्वतः मोजून उतरवलं. एकेचाळीस खोकी, एकही फुटलं नाही. अनुपमा म्हणाली, अहो, आता भिंतीही मोजा. मोजल्या होत्याच. आठ वर्षांच्या ईशानीने 'माइन!' म्हणत खिडकीची खोली पटकावली. या पोरीला मराठीत काहीही विचारा, उत्तर इंग्रजीतच.

१४ सप्टेंबर, रविवार
ऑफिसातल्या वॉल्टरला अमेरिकेतला त्याचा मूळपुरुष शोधून हवा होता. पदवीवाल्यांनी हात टेकले. मी आठवड्यात शोधला. इलायशा थॉर्न, बोटी बांधणारा सुतार, मॅसॅच्युसेट्स, १७३८. चर्चच्या जन्म-मृत्यूच्या वहीची पानं इंटरनेटवर आहेत. ते जुनं वळण वाचायला मी माझा मीच शिकलो.
थॉर्नची मुलगी मर्सी सात वर्षांची असताना गेली. पुढची झाली, तिचंही नाव मर्सी. तेव्हा तिकडे तशी रीतच होती. तीही गेली. अशा पाच मर्सी. दहावं वर्ष एकीनेही पाहिलं नाही. वंश चालला तो भावाचा.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या
दुपारी बाराला गॅलरीत तर्पण केलं. विधी मला पाठ आहे, गुरुजी लागत नाहीत. वडील, आजोबा, पणजोबा झाले, तरी तीळ उरले. त्या पाच पोरींना आजवर कुणी पाणी दिलं नसेल, म्हणून एकेकीचं नाव घेऊन दिलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, तसं म्हटलं. अनुपमा भडकली. लोकांचे पितर घरात कशाला बोलावता? एवढीच हौस असेल तर गुरुजींचा व्हिसा काढा, म्हणाली. मी म्हटलं, पाणीच तर दिलं.

२३ सप्टेंबर
वॉल्टरला पान पाठवण्याआधी पुन्हा पडताळलं. पाचवीच्या खाली एक ओळ आहे. ती आधी नव्हती. ओळ नजरेतून सुटणारा माणूस मी नाही. तीच शाई, तेच वळण. मर्सी, सहावी. वडील शैलेंद्र, म्हणजे मी. जन्मतारीख ईशानीची.
गॅलरीतून तिच्या खोलीपर्यंत ओली पावलं. लहान. पाच जोड्या. तळव्यांना लागलेले तर्पणाचे तीळ फरशीला चिकटलेत. बाहेर एकेचाळीस अंश, तरी वाळत नाहीत.

२४ सप्टेंबर
शाळेतून फोन. ईशानी म्हटलं की ओ देत नाही म्हणे. घरी आल्यावर मी हाक मारली. म्हणाली, दॅट्स नॉट माय नेम, बाबा.
अंग तापलंय. एकशे दोन.
ज्याच्या हातचं पाणी प्यायल्या, त्याच्या घरच्या झाल्या — माझी चूक — सहावीच्या ओळीत, मृत्यूच्या रकान्यात 'सप्टेंबर' उमटलंय. फक्त महिना.

२५ सप्टेंबर
एकशे चार. डॉक्टर म्हणतात व्हायरल, इन्शाल्ला उतरेल. अनुपमा तिला थोपटतेय, मर्सी, मर्सी म्हणत — तिच्या ध्यानातही नाही —
रकान्यात आकडा येतोय. दोन — त्यापुढे पाच —
एकच सुचतं. ज्या नावाने ती माझी आहे, त्या नावाने हाक मारायची. ती ओ देईपर्यंत. दारात उभा आहे. तोंड उघडलं —
नाव येत नाही.
मागच्या पानांवर आहे. मीच लिहिलंय. दिसतंय, पण लागत नाही — माझंच अक्षर — तीन अक्षरं आहेत, एवढं नक्की — पहिलं