साहेबाचा दगड

हिमांशूदादा,

"आधी दगडाला नारळ, मग उतार," बाबा घाटमाथ्यावर म्हणाले होते. तू हसलास आणि गाडी तशीच कन्नडच्या घाटात घातलीस. त्या अपघातात बाबा गेले आणि तू स्टिअरिंगला हात लावणंच सोडलंस.

आज मी त्या दगडाशी थांबले. शेजारून ट्रक उतरत होते. शेंदराखाली इंग्रजी अक्षरं दिसली. नारळवाली म्हणाली, "देव नाय तो, ताई. इंग्रज साहेबाचा दगड हाय. नारळ फोडणारेबी दरीत गेलेत की!"

"मग विकता कशाला?"

"लोकायला भेव वाटतं ना!"

मी नारळ न फोडताच सुखरूप घाट उतरले.

पुढच्या महिन्यात माझ्या श्रेयाला याच घाटातून चाळीसगावला सासरी पोचवायचंय. तू नाहीच म्हणशील, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. तरी विचारते, गाडी तू चालवशील?

तुझी,
नीरू