पीठ फुगलं नाही

१२ मार्च

ती. मामा, सा. न.
तर उंदरांचं सांगत होते, तेवढ्यात फोन कट झाला! आमच्या लॅबमधल्या उंदरांच्या लिव्हरवरची चरबी खरंच कमी झाली रे. तू तुझ्या लिव्हरसाठी हॉस्पिटलच्या ट्रायलमध्ये घेतोस ना, तशीच जंतूंची कॅप्सूल दिली होती त्यांना. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे, म्हणून मी नाचले तरी तू नाचू नकोस.
लोभ वाढू दे, वजन नको.
तुझी टकळी

२० मार्च

चि. टकळीस, अनेक आशीर्वाद.
तुझे उंदीर नशीबवान. इथे निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना नुसती पावडर. कोणाला काय, डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही. मला चैन पडेना. तीस वर्षं बेकरी चालवतोय, जंतू जिवंत की मेलेले हे मला कोण शिकवणार? कोमट पाणी, साखर, मैदा घेतला, दोन कॅप्सूल फोडून घातल्या, चार तास झाकून ठेवलं. पीठ ढिम्म! म्हणजे माझ्या वाट्याला पावडरच. अकरा दिवस घेतली नाही.
मामी म्हणते, बोलू नका, नाव कापतील. लिव्हर कडक व्हायला लागलंय, नाव कापलं तर जाऊ कुठे? गप्प बसू का?
तुझा मामा

२६ मार्च

ती. मामा, सा. न.
अरे देवा, हसू की रडू! त्यात जिवंत काही नसतंच. जंतू वाढवतात, मग त्यांना काढून टाकतात आणि त्यांनी बनवलेलं तेवढंच कॅप्सूलमध्ये भरतात. खरी असती तरी पीठ फुगलं नसतं. 'जंतूंची कॅप्सूल' म्हणत राहिले, चूक माझीच.
डॉक्टरीणबाईंना सांग. नाव कापणार नाहीत असं वचन मी देऊ शकत नाही. पण ते न घेतलेले दिवस लपवलेस, तर तुझ्यामागून येणाऱ्या पेशंटना औषधाबद्दल चुकीचं उत्तर मिळेल.
रागावू नकोस.
टकळी

९ एप्रिल

ती. मामा, सा. न.
मामीचं पत्र मिळालं. तू सगळं सांगितलंस, उरलेल्या कॅप्सूल टेबलावर ठेवल्यास, आणि बाईंनी तारखा लिहून घेऊन 'पुढे चालू ठेवा' म्हटलं! शिवाय नव्या पेशंटच्या माहितीपत्रकात आता एक ओळ वाढलीय म्हणे: कॅप्सूल पिठात घालून तपासू नये. मामा, मी तो कागद लॅबच्या भिंतीवर लावणार आहे. इथे सगळे तुझे फॅन झालेत.
वर्षाअखेरीस कोणाला काय मिळालं ते कळेल. तुझी खरंच पावडर निघाली तर? पावडरवाले नसतील, तर औषध चालतं की नाही हे कळणारच नाही. मग तेव्हा तुला फसल्यासारखं वाटेल, की कामी आल्यासारखं?